तोफगोळ्यांची वाघीण

इस्माईलचाचांचं नाव आधी लिहितो, मग काय झालं ते सांगतो. ते नसते तर मी आज बहुधा ठाण्याच्या तुरुंगात काथ्या कुटत बसलो असतो. नाहीतर त्याच्याही आधी, तापाने कल्याणच्या फलाटावरच संपलो असतो. दोन्ही वेळा त्यांनीच मला उचललं. पहिल्या खेपेला तर खरोखरच, खांद्यावर टाकून.

त्या दुपारी मी एका वाघिणीच्या चाकापाशी उकिडवा बसलो होतो. मालगाडीच्या डब्याला आम्ही यार्डातले लोक वाघीण म्हणतो. माझा उजवा हात चाकाजवळच्या लोखंडी पेटीला उलटा लावलेला होता. मागे फोरमन साहेब उभा होता. त्याच्यामागे बंदूकवाला शिपाई, बाजूला स्टेशनमास्तर बापूसाहेब, आणि माझ्या डोक्यावर वाकलेले चाचा, आमच्या यार्डाचे मुकादम. वाघिणीत तोफगोळे होते. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, कारण मी मोठ्याने स्टेशनांची नावं म्हणत होतो.

हे काय चाललं होतं ते समजायला आमचं काम थोडं समजून घ्यावं लागेल. चाकं ज्या आसावर बसवलेली असतात त्याला ऍक्सल म्हणतात. ऍक्सलचं टोक एका लोखंडी पेटीत फिरतं, तो ऍक्सल बॉक्स. आत पितळेचा तुकडा असतो आणि वरून पिवळं ग्रीस भरलेलं असतं. ग्रीस ठीक असेल तर ऍक्सल लोण्यात फिरावा तसा फिरतो. ग्रीस वितळून वाहून गेलं किंवा पितळ झिजलं, की घासाघीस सुरू होते आणि बॉक्स तापतो. तसाच दामटला तर ऍक्सल मोडतो आणि गाडी रुळावरून घसरते. पुण्याकडून बोरघाट उतरून आलेल्या गाड्यांना हे दुखणं फार. कर्जतला वरवर बघतात, पण नीट तपासणी आमच्या कल्याणला. तपासून वाघिणीवर खडूने खूण करायची. बरोबरची खूण म्हणजे फिट, ती पुढे मुंबईला जाणार. फुली म्हणजे सिक, ती गाडीतून कापून बाजूच्या रुळावर उभी करायची, जॅकने उचलायची, पितळ बदलायचं. त्यात एक दिवस तरी जातोच.

घाट उतरलेल्या गाडीचे सगळेच बॉक्स ऊन असतात. मग नुसतं ऊन कुठलं आणि दुखण्याचं गरम कुठलं? त्यासाठी आमच्या यार्डात एक रीत होती. चाचांना ती त्यांच्या उस्तादाने शिकवली, चाचांनी मला. तळहात नाही लावायचा, तो कामाने निबर झालेला असतो, त्याला काही कळत नाही. हाताची पाठ लावायची आणि कल्याणपासून मुंबईपर्यंतची स्टेशनं सावकाश, मोठ्याने म्हणायची. डोंबिवली, मुंब्रा, ठाणे, भांडुप, कुर्ला, भायखळा, बोरीबंदर. ठाण्याच्या आत हात उचलावा लागला, तर वाघीण सिक. बोरीबंदरपर्यंत टिकला, तर फिट. मध्येच कुठे सुटला, तर ज्याचा हात त्याचा शब्द. तो म्हणेल ते खरं. त्यावर फोरमनही सहसा बोलत नसे, कारण पुढे ऍक्सल मोडला तर जाब त्या हातालाच द्यावा लागे.

आता माझ्याबद्दल थोडं. मी माणदेशातला. मराठी तिसरीत शाळा सुटली. पुढचं वाचन मी वाघिणींवरच्या पाट्यांवरून शिकलो. खडी फोडणाऱ्या टोळीबरोबर घाट उतरून आलो आणि कल्याणला हिवतापाने पडलो. टोळी पुढे गेली. इस्माईलचाचा ड्यूटी संपवून चालले होते, त्यांनी मला खाडीजवळच्या आपल्या घरी नेलं, पडवीत घोंगडीवर टाकलं. त्यांची मुलगी हलीमा मला काढा देत असे. तो कडू काढा ओतताना म्हणायची, "पी ग्यानू, नायतर बाबा तुला परत फलाटावर ठेवून येतील." ज्ञानूचं ग्यानू तिने केलं ते तिच्या तोंडी आजही तसंच आहे.

त्यांच्या घरचं शिजलेलं मी खात नव्हतो. गावाकडची सवय, दुसरं काय. त्यांनी एकदाही आग्रह केला नाही की टोमणा मारला नाही. अंगणात तीन दगड मांडायला जागा दिली. चाचीने तांदूळ आणि मीठ आणून ठेवलं आणि म्हणाली, "तुझी चूल तू पेटव. विस्तव आमच्याकडनं ने." बरा झाल्यावर चाचांनी फोरमनच्या पाया पडून मला ग्रीस भरायच्या कामावर लावलं. पुढे हात लावायला शिकवलं. म्हणायचे, "माझी कातडी आता म्हातारी झाली. तुझी अजून खरं बोलते."

हलीमाचं लग्न झालं ते समुद्रापलीकडच्या एका बंदरात. कल्याणच्या त्यांच्या लोकांची तिकडे पिढ्यान् पिढ्या जा-ये आहे. जावयाचं कापडाचं दुकान होतं. तिची लाकडी पेटी खाडीच्या धक्क्यापर्यंत मी खांद्यावरून नेली. शहराचं नाव इथे लिहीत नाही. हलीमाला ते कागदावर नको आहे.

त्याच शहराच्या सुलतानाशी दोनेक वर्षांनी सरकारचं बिनसलं. कशावरून, ते मला नीट कळलं नाही. बापूसाहेब वर्तमानपत्र वाचून सांगायचे, त्यातलं अर्धं माझ्या डोक्यावरून जायचं. एवढं कळलं की मुंबईहून लढाऊ जहाजं आणि पलटणी जाणार. त्या पलटणींतल्या एकीत माझा थोरला भाऊ होता, तुका.

त्याची गाडी कल्याणला पाण्यासाठी थांबली तेव्हा आमची भेट झाली. कित्येक वर्षांनी भेटत होतो, पण तो थट्टेवारीच बोलत होता. "काय रं ज्ञानू, इंजनाला मीठ-मिरची लावून देतोस व्हय?" मग जरा हळू म्हणाला, "शहराला तट हाय म्हणं. शिड्या लावून चढायचं. पहिल्या शिड्या आमच्या कंपनीच्या." चाचांनी त्याला पाण्याचा लोटा पुढे केला. क्षणभर तुकाने माझ्याकडे पाहिलं, मग ओंजळ धरली आणि प्यायला. निघताना चाचांना म्हणाला, "ह्याच्याकडं बघा जरा. लई भित्रं हाय आमचं." चाचा म्हणाले, "भितो म्हणून तर काम चांगलं करतो."

गाडी गेल्यावर आम्ही दोघं कामाला लागलो. त्यांची मुलगी तटाच्या आत होती आणि माझा भाऊ बाहेरून चढणार होता.

पुढच्या काही दिवसांत तारेवर तारा आल्या. सरकारने सुलतानाला मुदत दिली. मुदतीत ऐकलं नाही तर जहाजांवरून शहरावर तोफा डागणार. चाचांना खाडीवरच्या एका तांडेलाकडून निरोप मिळाला की जावई घरच्यांना घेऊन निघायच्या खटपटीत आहे, पण बंदरात गलबत मिळेना, सगळेच निघायला बघतायत. मुदत संपायच्या आत गलबत मिळायला हवं होतं.

बापूसाहेबांच्या खोलीत तेव्हा वाद झाला. खरं तर वाद नाही, कारण चाचा त्यांच्यापुढे बसतही नसत. बापूसाहेब वाईट माणूस नव्हते. कल्याणातच जन्मले, इंग्रजी शिकले, हाताखालच्यांशी कधी तिरकं बोलले नाहीत. ते मनापासून म्हणाले, "इस्माईल, हे कठोर आहे पण ह्यातच दया आहे. दोन दिवस तोफा चालल्या की सुलतान शरण येईल. नाहीतर वेढा पडेल. वर्षभर लोक उपाशी मरतील, वर शिपाई मरतील दोन्हीकडचे. थोडे मेले तर पुष्कळ वाचतील. ह्या ज्ञानूचा भाऊसुद्धा वाचेल."

चाचा म्हणाले, "मग गोळे सुलतानाच्या वाड्यावर टाका ना साहेब. बाजारात कशाला?"

"वाडा किल्ल्याच्या आत. त्याच्या भिंती जाड. बाजार पेटला की लोकच सुलतानाला सांगतील, शरण जा म्हणून."

चाचांनी पागोटं काढून छातीशी धरलं. "उद्या कोणी आपल्या खाडीतनं कल्याणवर गोळे टाकले, तर तुम्ही लाटसाहेबाकडं जाल? शरण जा म्हणून सांगाल? आणि तो ऐकंल?"

बापूसाहेब हसले. "लाटसाहेब कुठला, माझं घरात कोणी ऐकत नाही." मग हसू ओसरलं. वर्तमानपत्राची घडी घालत ते म्हणाले, "पण लढाई लवकर संपणं चांगलंच ना, इस्माईल?"

"चांगलंच," चाचा म्हणाले. "आमच्या दारात नसली तर लईच चांगलं."

मी दारात उभा होतो. मला दोघांचंही पटत होतं आणि त्याचीच भीती वाटत होती.

मग ती गाडी आली. पुण्याकडच्या कारखान्यातून तोफगोळे घेऊन, थेट मुंबईच्या गोदीत जाणारी. लाल चिठ्ठ्या लावलेल्या वाघिणी, इंजिनापासून लांब, मध्ये रिकाम्या वाघिणी जोडलेल्या, ठिणगी पोचू नये म्हणून. फोरमन साहेब धावतच आला. जहाज वाट बघतंय, भरतीला सुटायचंय, सगळं लवकर उरका म्हणून त्याला तार होती. तो स्वतः आमच्यामागून फिरत होता. एरवी तो सावलीतून हलत नसे.

बाकीच्या वाघिणी ठीक निघाल्या. शेवटून दुसरीच्या बॉक्सच्या झाकणाखालून पिवळा ओघळ खाली आलेला दिसला. ग्रीस वितळलं होतं. चाचांनी माझ्याकडे पाहिलं, मी बसलो, हात उलटा करून लावला.

"डोंबिवली," मी म्हणालो.

गरम होता. पण घाटाचा गरम. असा मी शंभरदा लावला होता.

तेवढ्यात फोरमन शिपायाला म्हणाला, "ये आज नहीं गया तो जहाज परसों तक रुकेगा." एवढं हिंदुस्तानी मला कळत होतं. ही वाघीण राहिली तर ते जहाज हिच्यासाठी थांबेल. एक दिवस, कदाचित दोन. एक दिवस म्हणजे तिकडे गलबत मिळायला एक दिवस. माझ्या हाताच्या पाठीखाली तो एक दिवस होता.

आणि दुसऱ्या बाजूला तुकाची शिडी.

मी तुकाचा विचार केला असं सांगितलं तर बरं दिसेल. पण खरं सांगतो, त्या क्षणी मला फक्त काढ्याचा वाडगा आठवला.

"मुंब्रा," मी म्हणालो, आणि हात उचलला.

तो चटका किती होता आणि माझी इच्छा किती, ते मला आजही वेगळं करता येत नाही. खडूकडे हात गेला. फुली मारणार, तोच फोरमन पुढे आला. "मुंब्रा? इतना जल्दी?" त्याला यार्डातला पाढा चांगला ठाऊक होता. "हाथ दिखाओ."

दोन स्टेशनांतच हात ठेववेना असा बॉक्स असेल, तर हाताची पाठ लालबुंद व्हायला हवी. माझी नव्हती. मला ते बघायची गरज नव्हती, कळत होतं. आणि बंदूकवाला शिपाई उगाच उभा नव्हता. लढाईचा माल मुद्दाम अडवला तर काय होतं ते आम्हाला त्याच सकाळी बजावून झालं होतं.

चाचा मध्ये आले. त्यांनी माझं मनगट धरलं, ग्रीसचा डबा ओढला आणि माझा हात मनगटापर्यंत त्यात खुपसला. "बसलायस काय? ग्रीस काढ! साहेब, पोरगा घाबरट हाय. तुम्ही मागं उभं राहिलात की त्याला बर्फ पण पोळतो. मी बघतो."

शिपाई हसला. फोरमन हसला नाही, पण थांबला. पिवळ्या ग्रीसमध्ये बुडालेल्या हाताचा रंग आता कुणालाच दिसणार नव्हता.

चाचा गुडघे धरून खाली बसले. त्यांनी हात लावला. स्टेशनं म्हणायची त्यांची चाल माझ्याहून सावकाश होती.

"डोंबिवली."

मी मनात म्हणत होतो, चाचा, उचला. तुमच्या हाताला कोण विचारणार आहे?

"मुंब्रा."

बापूसाहेबांनी मान खाली घातली होती. हलीमा कुठे आहे ते त्यांनाही माहीत होतं.

"ठाणे."

आता सिक नाही म्हणता येणार. पण अजून मधलं आहे, शब्द त्यांचाच आहे.

"भांडुप," चाचा म्हणाले आणि हात काढला. पाठ लाल झाली होती, जेवढी व्हायला हवी तेवढीच. ते उठले. "मधला हाय, साहेब. पितळ बरं हाय, ग्रीस गेलंय. भरून देतो, हळू चालवायला सांगा. माझा हात, माझा शब्द." आणि माझ्या हातातला खडू घेऊन त्यांनी बरोबरची खूण केली.

मी ग्रीस भरलं. चांगलं भरलं, ठासून. तेही सांगितलं पाहिजे. काम बिघडवलं नाही. वाघीण गेली आणि मुंबईला सुखरूप पोचली.

गाडी गेल्यावर आम्ही पाण्याच्या टाकीपाशी हात धूत होतो. मी विचारलं, "चाचा, तुम्ही असं का केलंत?"

"तुझा हात पांढरा व्हता."

"एक दिवस मिळाला असता त्यांना."

"मिळाला असता. कदाचित." ते बोटांमधलं ग्रीस चोळत राहिले. "आणि तू गेला असतास ठाण्याला. माझ्या पोरीसाठी. तुझ्या आईला मी काय सांगायचं? आणि तो शिडीवाला माझ्या हातनं पाणी प्यालाय."

"पण हलीमा..."

"गप." ते पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले. मग आवाज खाली आला. "मी कोणाला मारलं, कोणाला वाचवलं, माझ्या डोक्यात येत नाय, ज्ञानू. तो बॉक्स भांडुपचा व्हता. मी भांडुप बोललो. ह्याच्यापुढं मला विचारू नको."

मी पुन्हा कधी विचारलं नाही.

लढाई खरोखरच दोन दिवसांत संपली. तार आली तेव्हा बापूसाहेबांनी वरच्या हुकुमाप्रमाणे स्टेशनावर बत्तासे वाटले. चाचांनी बत्तासा घेतला, कपाळाला लावला आणि खिशात ठेवला. बापूसाहेब मला म्हणाले, "तुझा भाऊ शिडी न लावता आत गेला बघ." त्यांना आनंद झाला होता, माझ्यासाठी झाला होता. मलाही झाला. तो लपवण्यात अर्थ नाही. मी रडलोसुद्धा.

तुका परत आला तो धडधाकट. रजेवर गावी जाताना कल्याणला उतरला आणि माझ्या तीन दगडांपाशी बसून भाकरी खाल्ली. म्हणाला, "गोळं पडलं नसतं तर आमची अर्धी कंपनी तटाखाली राहिली असती. मी तर पहिल्या शिडीवर. जगलो म्हणून देवाला नारळ बोललोय." भाकरीचा तुकडा हातात तसाच राहिला. "पण त्या बाजारातनं चालत गेलो ना, तवा नारळ आठवला न्हाई. लढायला कुणी नव्हतंच रं तिथं. आम्ही ढिगारंच उपसत व्हतो." चाचा पडवीत होते, त्यांना ऐकू गेलं असेल. तुका उठून त्यांच्या पाया पडायला गेला. त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "आईला भेट आधी."

तेव्हा त्यांना हलीमाची काहीच खबर नव्हती.

ती आली पावसाळ्यानंतर, शिडाच्या होडीतून, खाडीच्या त्याच धक्क्यावर. कडेवर मुलगी. पेटी तीच होती, मी नेलेली. कडी तुटलेली, सुंभाने बांधलेली. नवरा नव्हता, सासू नव्हती. घरी आल्यावर ती चाचीच्या मांडीवर डोकं ठेवून पडली आणि छताकडे बघत बोलली. गलबत मिळालं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं ठरलं होतं. नवरा दुकानाला कुलूप लावायला म्हणून बाजारात गेला, सासू त्याच्याबरोबर गेली, तिला देण्याघेण्याचं कापड आणायचं होतं. आणि मग पहिला गोळा.

"एक दिवस, बाबा," ती म्हणाली. "एकच दिवस हवा व्हता."

चाचांनी चाचीकडे पाणी मागितलं. पाणी आलं, ते हातात धरून बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते बरं झालं की वाईट, कोण जाणे. पाहिलं असतं तर मी काय केलं असतं?

त्या दिवशी त्यांच्या घरात चूल पेटली नाही. मी अंगणात माझ्या दगडांवर भाकऱ्या केल्या, पिठलं केलं आणि आत नेलं. ते सगळे जेवले. माझ्या हातचं त्यांना कधीच वर्ज्य नव्हतं.

दोन-चार दिवसांनी बापूसाहेब आले. स्टेशनमास्तर मुकादमाच्या घरी येणं ही काही साधी गोष्ट नव्हती. ओटीवर बसले. हलीमाची मुलगी त्यांच्या घड्याळाच्या साखळीशी खेळू लागली, तिला त्यांनी खेळू दिलं. मग म्हणाले, "इस्माईल, मी तेव्हा जे बोललो होतो..."

चाचा म्हणाले, "तुमचा हिशेब बरोबर व्हता, बापूसाहेब. लढाई लवकर संपली. ह्याचा भाऊ जगला, लई जणांचे जगले. मी नाय म्हणत नाय. फक्त तो हिशेब ह्या दारात बसून सांगू नका."

बापूसाहेबांनी सांगितला नाही. त्यानंतर त्यांच्या तोंडून मी तो परत कधी ऐकला नाही. त्यांनी तो मनातून खोडला का, ते मला माहीत नाही. हे वाचून त्यांना सांगावंसं वाटलं तर सांगतील. हे लिहायला त्यांनीच मला सांगितलं. वाचनालयातल्या मंडळींना रेल्वे आतून कशी चालते ते कळावं, एवढंच ते म्हणाले होते. मी कुठली गोष्ट लिहिणार ते त्यांना ठाऊक नव्हतं. बापूसाहेब, रागावू नका.

मला स्वतःला अजून ठरवता आलेलं नाही. तुकाला तीन मुलं आहेत आता. त्यांना बघितलं की वाटतं, बरं झालं. हलीमा अंगणात पाणी भरताना दिसली की वाटतं, मी हात ठाण्याच्या तोंडापर्यंत दाबून का नाही ठेवला, फोरमनला दाखवायला थोडा भाजून का नाही घेतला. दोन्ही विचार एकाच दिवशी येतात. कधी एकाच घटकेत. भीती वाटते ती ह्याची की ज्यांनी वरून ठरवलं त्यांना यातलं काहीच वाटत नसेल. त्यांच्यापुढे नुसतं शहर होतं, हलीमा नव्हती आणि तुकाही नव्हता.

आता यार्डातला मुकादम मी आहे. नव्या फिटर लोकांना मी तोच पाढा शिकवतो. एक नियम मी माझ्या पदरचा लावून बघितला होता: ज्या मालाच्या पुढच्या टोकाला आपलं माणूस आहे त्या वाघिणीला आपण हात लावायचा नाही, दुसऱ्याला लावू द्यायचा. नियम चालला नाही. एकदा दारूगोळ्याची गाडी आली तेव्हा मी विचारलं, इथे कोण आहे ज्याचं तिकडे कोणी नाही? एकाचा मेहुणा पलटणीत, एकाचा चुलता त्या मुलखात मजुरीला. शेवटी मीच बसलो. हात टिकला बोरीबंदरपर्यंत, सुटलो.

चाचा अजून आहेत. गुडघे गेलेत, डोळे बरे आहेत. संध्याकाळी धक्क्यावर जाऊन बसतात आणि खाडीच्या तोंडाकडे बघतात. जावयाची कबर कुठे आहे ते हलीमाला माहीत आहे, पण मातीवर उभं राहून दुआ मागायला ती परत जाऊ शकलेली नाही. म्हातारा एकटा तिला नेऊ शकत नाही, आणि बरोबर जायला घरात दुसरा पुरुष नाही. मी पाण्याला भितो. आमच्याकडे विहीर खोल असते, तीच पुरे होते. आणि समुद्र ओलांडला हे गावी कळलं तर भावकीत बोलणारे बोलतील, शुद्ध करून घ्या म्हणतील.

बोलू देत. मोठी रजा मिळाली की मी त्या तिघांना तिकडे घेऊन जाणार आहे, चाचांना, हलीमाला आणि तिच्या मुलीला. हलीमाची पेटी मीच धक्क्यापर्यंत नेईन. चाचांच्या हातून मला जे मिळालं ते ह्याने फिटणार नाही, पण कुठून तरी सुरुवात करायला हवी. आणि बोटीवर मी माझे वेगळे तीन दगड मांडणार नाही. ते जे शिजवतील ते खाईन.